एकेचाळिसावं नाव

यादीत एकोणसाठ नावं होती. अट्रॅक्टा गिलहूली ती चहा पिता पिता वाचत होती. डाव्या हातात कप, उजव्या हातात पेन्सिल, आणि प्रत्येक नावापुढे एक बारीक टिंब. चादरींच्या, अभ्र्यांच्या, लापशीच्या वाडग्यांच्या याद्यांवर गेली एकोणतीस वर्षं ती अशीच टिंबं देत आली होती. कॅरोबेगचं वर्कहाउस, निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायचं घर, येत्या सोमवारी बंद व्हायचं होतं. जुलैपासून इंग्रजांशी चाललेला गोळीबार थांबला होता, आपली माणसं लंडनला बोलणी करायला गेली होती, आणि नव्या जिल्हा कौन्सिलनं ठरवलं होतं की इंग्रजांनी बांधलेली ही दगडी घरं आता पुरे झाली. आयरिश माणसानं आयरिश माणसाला असं ठेवायचं नाही. ते पत्र आलं तेव्हा अट्रॅक्टाला बरंच वाटलं होतं. भाकरीसाठी दार ठोठावणाऱ्या बाईला आधी नवऱ्यापासून आणि मग मुलांपासून वेगळं करून तीन दारांनी आत घ्यायचं, हे काम तिनं इतकी वर्षं केलं होतं, नीट केलं होतं, पण त्यावर जीव जडावा असं त्यात काही नव्हतं. म्हाताऱ्यांनी तीस मैलांवरच्या जिल्हा आश्रमात जायचं, आजाऱ्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात. तिला स्वतःला आश्रमात मेट्रनचीच जागा मिळाली होती. सगळं मार्गी लागलं होतं. आणि एकेचाळिसाव्या नावाशी पेन्सिल थांबली. तिनं थांबवली नाही. हातच पुढे जाईना. सबीना डर्कन, वय पंचेचाळीस. वर्ग: मंदबुद्धी. रवानगी: वेड्यांचं इस्पितळ.

खिडकीतून धुलाईघराचं धुराडं दिसत होतं. त्यातून धूर निघत होता, म्हणजे सबीनानं पाच वाजताच कढईखाली टर्फच्या, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, ढेपा पेटवल्या होत्या. आता ती बाह्या कोपराच्या वर खोचून लाकडी काठीनं चादरी दाबत असेल. वाफेत तिचे हात उकडलेल्या बीटासारखे लाल होत. ते हात अट्रॅक्टाला तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचे होते, कारण चेहरा सबीना सहसा वर करत नसे. मंदबुद्धी. टंकलेखन यंत्रानं हा शब्द इतर शब्दांसारखाच, त्याच शाईत, त्याच मापात उमटवला होता. फॅलन कारकुनानं तो मोठ्या नोंदवहीतून उचलला असणार, आणि नोंदवहीत तो कुणाच्या अक्षरात होता हे अट्रॅक्टाला बघायला जावं लागलं नाही. ‘म’ची गाठ ती अजूनही तशीच मारते. तिनं कप खाली ठेवला. बशीवर नाही, टेबलावर. लाकडावर ओलं वर्तुळ उमटलं ते तिला दिसलं आणि तिनं ते पुसलं नाही.

अठराशे पंच्याण्णवचा मे महिना. तिला मेट्रन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि ती तीस वर्षांची होती. सबीना एकोणीसची. आदल्या शरदात ती पोट घेऊन आली होती, नोव्हेंबरात मुलगा झाला, फेब्रुवारीत डांग्या खोकल्यानं गेला. ती बातमी अट्रॅक्टानंच तिला दिली होती, धुलाईघराच्या पायरीवर उभं राहून. सबीनाच्या हातात ओल्या चादरीचं टोक होतं. ती ते पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली. त्या दिवसापासून तिनं अगदी गरजेपलीकडे तोंड उघडलं नाही. बापाचं नाव नोंदवहीत नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. पण वर्कहाउस चालवणाऱ्या बोर्डाची सभा असली की ल्यूक ब्रॅनन नावाचा एक मोठा शेतकरी सभासद गॅलरीतून बूट वाजवत जायचा, आणि त्या बुटांच्या आवाजासरशी सबीना हातातलं काम टाकून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, कपाळ चुन्याला टेकवून. दोनदा असं पाहिल्यावर अट्रॅक्टाला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मग मे महिन्याच्या सभेत ब्रॅनन म्हणाला, “त्या डर्कनच्या पोरीला फुकट पोसताय कशाला? धडधाकट आहे. मी नेतो कामाला. पूर्वी होतीच की माझ्याकडे.” आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. माणूस धडधाकट असेल तर त्याला घरात ठेवायचं नाही असा नियम होता. त्या दुपारी अट्रॅक्टानं नोंदवही उघडली, शेऱ्याच्या रकान्यात तो एक शब्द लिहिला, आणि म्हाताऱ्या डॉक्टरसमोर ठेवला. त्यांनी चष्मा शोधायचाही त्रास न घेता सही केली. पुढच्या सभेत तिनं शांतपणे सांगितलं, “तिला कामावर देता येणार नाही साहेब. डोक्यानं अधू आहे.” ब्रॅनननं तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. तो जिंकलेला क्षण तिनं वर्षानुवर्षं मनाशी जपला होता, सणाच्या कपड्यासारखा. उदास वाटलं की काढून बघायचा, पुन्हा घडी घालून ठेवायचा.

ती उठली आणि यादी घेऊन फॅलनच्या खोलीत गेली. फॅलन खोक्यांत कागद भरत होता, ओठात विझलेला पाइप.

“हे नाव इथं नको,” ती म्हणाली.

त्यानं मान वाकडी करून वाचलं. “सबीना? मग कुठं घालू? मला कौन्सिलनं तीनच खण दिलेत, मेट्रन. म्हातारे, आजारी आणि वेडे. ती म्हातारी नाही, आजारी म्हणावी तर घोड्यासारखी ठणठणीत. चौथा खण असता तर मीच पहिला जाऊन बसलो असतो त्यात.”

“ती वेडी नाही.”

“आपण सगळे जाणतो ते. पण वहीला माहीत नाही ना. वही म्हणते मंदबुद्धी, डॉक्टरची सही. सव्वीस वर्षं वही म्हणतेय.” त्यानं पाइप काढला. “आणि खरं सांगायचं तर तिथं तरी तिला जेवण मिळेल, छप्पर मिळेल. मोठं धुलाईघर आहे म्हणे तिथं.”

हे शेवटचं वाक्य तो चांगल्या मनानं बोलला होता. पण अट्रॅक्टाला ते पाठीत काहीतरी टोचावं तसं लागलं, आणि परत येताना गॅलरीत ती मध्येच उभी राहिली. गॅलरी लांब होती, भिंतीचा खालचा अर्धा भाग तपकिरी रंगवलेला, हजारो हातांनी गुळगुळीत झालेला. तिनं त्यावर तळवा ठेवला. धुलाईघर. बारा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, ल्यूक ब्रॅनन बैलांच्या बाजारात छातीला हात लावून पडला आणि मेला. रविवारी त्याला पुरलं. रविवारी संध्याकाळी अट्रॅक्टानं नोंदवही काढली, पान उघडलं, पेन शाईत बुडवलं. आता भ्यायचं कारण नव्हतं. एक रेघ ओढायची, ‘प्रकृती सुधारली’ असं लिहायचं, बोर्डापुढे न्यायचं. सबीना तेहेतीस वर्षांची होती. तेहेतीस वर्षांच्या बाईला कुठंही काम मिळतं, लग्नही होतं, बोटीवर बसून बॉस्टनलाही जाता येतं. पेनच्या टोकावर शाईचा थेंब फुगत चालला होता. आणि त्या वेळी अट्रॅक्टाच्या मनात आलं होतं की तापाच्या वॉर्डात बावीस खाटा भरल्यात, आठवड्याला दोनशे चादरी निघतात, आणि सबीना गेली तर त्या कोण धुणार. तिनं पेन टिपकागदावर टेकवलं. थेंब त्यात पसरला. उद्या बघू, असं म्हणून तिनं वही मिटली होती. तो उद्या कसा उगवला नाही हे तिला आज आठवत नव्हतं. उगवलाच असणार, सोमवार होता. ब्रॅननपुढचा तो क्षण ती इतक्या वेळा बाहेर काढून बघत असे, आणि हा दुसरा क्षण तिनं एकदाही काढला नव्हता. दोन्ही एकाच पेटीत होते. एकीनं मुलीला वाचवलं होतं, दुसरीनं तिला ठेवून घेतलं होतं, आणि दोघींचं नाव अट्रॅक्टा गिलहूली होतं.

यादी वाचली त्याच दिवशी दुपारच्या जेवणाआधी तिनं कागद घेतला आणि लिहिलं. फार लांबवलं नाही. अमुक साली अमुक महिन्यात सबीना डर्कन हिच्या नावापुढे मी जो शब्द लिहिला तो खोटा होता. तो मी जाणूनबुजून लिहिला. ती तेव्हा बुद्धीनं शाबूत होती, आजही आहे. त्यानंतर तो शब्द दुरुस्त करणं माझ्या हातात होतं, ते मी केलं नाही. खाली सही. ‘का केलं नाही’ याची एक ओळ तिनं लिहिली होती, वाचली, आणि कागद फाडून सगळं पुन्हा त्या ओळीशिवाय लिहिलं. ब्रॅननचं नावही घातलं नाही. ते नाव उघड करणं तिच्या हक्कातलं नव्हतं. हे लिहिताना तिला आनंद होत होता का? तिनं स्वतःला थांबवून विचारलं. असा थोडासा गोड कढ होता खरा, पाद्र्यापुढे गुडघे टेकून पाप सांगताना येतो तसा. त्याचा तिला राग आला. कढ येवो की न येवो, कागद जायला हवा होता.

म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जागी आलेला डॉक्टर टाफ फ्रान्सच्या खंदकांतून डावा कान गमावून परतलेला तरुण माणूस होता. बुधवारी सकाळी त्यानं कागद उभ्यानंच वाचला आणि तिला आपल्या उजव्या बाजूच्या खुर्चीत बसवलं.

“मेट्रन, तुम्हाला हे समजतंय ना, की मी सही केली तरी हा कागद सोबत जोडावा लागेल? तो कौन्सिलकडे जाईल. तुमची आश्रमातली जागा...”

“समजतंय.”

“दुसरा मार्ग आहे. मी लिहितो, हळूहळू सुधारणा झाली. असं होतं कधीकधी. कुणाचं काही बिघडत नाही.”

तिला आश्रमातली तिची खोली दिसली. ती पाहून आली होती, दक्षिणेला खिडकी होती, सफरचंदाचं झाड होतं. छप्पन्नाव्या वर्षी दक्षिणेची खिडकी ही लहान गोष्ट नव्हती. पण ‘सुधारणा झाली’ म्हणजे आधी काहीतरी बिघडलेलं होतं. सबीना जाईल तिथं तो कागद तिच्या मागोमाग जाईल, आणि कुणीतरी रागाच्या भरात म्हणेल, पूर्वी वेडी होती ना ही.

“सुधारायला ती बिघडली कधी होती, डॉक्टर?” अट्रॅक्टा म्हणाली. “उद्या या आणि तिला तपासा. कागद जोडा.”

आता सबीनाला सांगणं उरलं होतं. धुलाईघराचं दार ढकललं तशी वाफ अंगावर आली, सोड्याचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि डोळ्यांपुढचं सगळं पांढरं झालं. ती येत असे तेव्हा नेहमी दारातूनच बोलत असे. आज आत गेली. सबीना कढईपाशी होती. अट्रॅक्टानं सांगायला सुरुवात केली, यादी, इस्पितळ, तो शब्द, तो मे महिना, आणि स्वतःचाच आवाज तिला पत्र मोठ्यानं वाचावं तसा सपाट ऐकू येत होता. सबीना काठी फिरवत राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिनं काठी कढईच्या काठावर टेकवली, हात एप्रनला पुसले.

“मला वाचता येतं, मेट्रन.”

“काय?”

“तुम्ही दर वसंतात मला कचेरीची खोली धुवायला पाठवता. पडदे काढायला, फळ्या पुसायला. वही तिथंच असते. दुसऱ्याच वर्षी वाचला मी तो शब्द. अर्थ माहीत नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या मार्गारेट कीव्हनीला विचारला.” ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती. आवाज खरखरीत होता पण अडखळत नव्हता. “आधी वाटलं, बरं झालं. तो आता यायचा नाही. तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंत हे कळलं मला. मी रोज तुमच्या नावानं एक प्रार्थना म्हणत होते.”

“सबीना...”

“मग तो मेला. पाववाल्यानं सांगितलं. मला वाटलं, आता मेट्रन बोलावतील. मी त्या रविवारी केस विंचरून बसले होते, मेट्रन. स्वच्छ एप्रन घालून. जेवणाची घंटा झाली तरी उठले नाही, म्हटलं मी नसताना बोलावलं तर.” तिनं कढईत पाहिलं. “सोमवारी तुम्ही चादरी पाठवल्यात.”

वाफेमुळे एकमेकींचे चेहरे नीट दिसत नव्हते, आणि त्याबद्दल अट्रॅक्टाला एकाच वेळी हायसंही वाटलं आणि लाजही वाटली. ती म्हणाली, “माझी चूक झाली.”

“चुकून नाही झालं,” सबीना म्हणाली.

“नाही. चुकून नाही झालं.”

“मग ठीक.” सबीनानं काठी पुन्हा उचलली. “डॉक्टर किती वाजता येणार?”

रात्रभर अट्रॅक्टाला झोप लागली नाही असं नाही. लागली, गाढ लागली, आणि सकाळी जाग आली तेव्हा पहिल्यांदा आठवला तो विंचरलेल्या केसांचा भांग. तिनं तो पाहिला नव्हता. तरी तो तिला दिसत होता, मधोमध, सरळ, पाणी लावून बसवलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारा वर्षं. तिनं उठून गार पाण्यानं तोंड धुतलं. एखादी गोष्ट परत करता येत नसेल तर निदान पुढची अडवू नये, इतकंच तिच्या हातात होतं, आणि ती ते करणार होती, मग त्यानं तिला बरं वाटो की न वाटो.

गुरुवारी डॉक्टर टाफनं सबीनाला बोर्डाच्या खोलीत बसवलं, जिथं ती आजवर फक्त फरशी पुसायला आली होती. अट्रॅक्टा दाराशी उभी राहिली. सबीनाची नजर टेबलावर होती, ओठ मिटलेले. ही आज बोललीच नाही तर? हिनं आता, या घटकेला, आपल्याला शिक्षा द्यायची म्हणून तोंड मिटून घेतलं तर? तसा तिला हक्क होता.

“आज वार कोणता?” डॉक्टरनं विचारलं.

डॉक्टरनं उजवा कान पुढे केला.

“गुरुवार,” सबीना म्हणाली. “मासे उद्या, शुक्रवारी.”

“या घरात आता किती माणसं आहेत?”

“फॅलनसाहेबांच्या यादीत एकोणसाठ. चादरी अठ्ठावन्न. मार्गारेट कीव्हनी पहाटे गेली. तिच्या खाटेचं मी धुवायला टाकलंय. यादीत नाव आहे अजून.”

डॉक्टरनं अट्रॅक्टाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. खरं होतं ते.

“बरं. राजा कोण आहे?”

“कुठला?”

“म्हणजे... देशाचा राजा.”

“तेच विचारतेय, डॉक्टर. आपली माणसं लंडनला गेलीत ती तेच ठरवायला ना? त्यांचं ठरलं की सांगते.”

डॉक्टर टाफ इतक्या मोठ्यानं हसला की गॅलरीतून मॅलाकी दरवान काय झालं ते बघायला आला. हसता हसताच त्यानं पेन काढलं. सबीना हसली नाही. तिनं सही होताना पाहिली, अक्षर अन् अक्षर, आणि मग म्हणाली, “वाळू द्या आधी. घडी लगेच घालू नका.”

शनिवारच्या टपालानं कौन्सिलचं उत्तर आलं. चार ओळींचं. सबीना डर्कन हिचं नाव वगळण्यात येत आहे. मिस गिलहूली यांचं निवेदन पाहता त्यांची जिल्हा आश्रमातली नेमणूक रद्द समजावी. फॅलननं तो कागद स्वतः आणून दिला आणि बसायला सांगितलं नसताना बसला.

“मी हा सोमवारपर्यंत हरवू शकलो असतो,” तो म्हणाला. “तुमचं निवेदनसुद्धा हरवू शकलो असतो. एवढी खोकी आहेत. तुम्ही एक शब्द टाकायचा होता माझ्याकडे.”

“म्हणून तर टाकला नाही.”

“आता जाणार कुठं तुम्ही?”

“भावाकडे. त्याच्या बायकोला मी आवडत नाही, पण खोली आहे.” तिनं कागदाची घडी घातली. तिला वाटलं होतं की हा क्षण जड जाईल. तसा गेला. सफरचंदाचं झाड पुन्हा दिसलं, ते कुणा दुसरीच्या खिडकीत होतं. पण जडपणाच्या तळाशी पाय टेकत होते. ती मनाशी पुढचा हिशेब मांडू लागली. भावाचं घर, दोन खोल्या, सबीनाला सोबत न्यायचं, भावजयीला घरकामाला हात मिळेल, काही महिन्यांनी कुठंतरी चांगल्या घरी लावून द्यायचं. सगळं मार्गी लागलं. लागलीच ती धुलाईघराकडे निघाली, हे सांगायला. सबीना कढई घासत होती, शेवटची.

“नको,” सबीना म्हणाली, बोलणं पुरतं ऐकून घेऊन.

“नको म्हणजे? मग जाणार कुठं?”

“स्लायगोला. एका हॉटेलचं धुलाईघर आहे. पाववाल्याची बहीण असते तिथं. बुधवारीच त्याच्या हाती निरोप दिला, काल उत्तर आलं. मंगळवारपासून ये म्हणाल्यात. राहायला वर खोली आहे.”

“बुधवारी? डॉक्टरांनी तपासलंही नव्हतं तेव्हा!”

“हो,” सबीना म्हणाली. “पण मला ठाऊक होतं ना, मी काय आहे ते.”

अट्रॅक्टा दारात उभी राहिली. आपण पुन्हा एकदा हिच्या नावापुढे काहीतरी लिहायला निघालो होतो, चांगल्या अक्षरात, चांगल्या मनानं. हे तिला लख्ख दिसलं.

सोमवारी दोन लॉऱ्या आल्या. म्हाताऱ्यांना चढवायला सकाळ गेली. कुणी आनंदानं गाऊ लागलं, कुणी खांब धरून बसलं आणि सोडेना. चाळीस वर्षं या घराला शिव्या घालत आलेली माणसं आता त्यालाच बिलगत होती. एक आंधळी म्हातारी पुन्हा पुन्हा विचारत होती, “तिथं चहाला दूध असतं का गं, मेट्रन?” आणि अट्रॅक्टा प्रत्येक वेळी सांगत होती, “असतं, भरपूर असतं,” आणि मनात ठरवत होती की नसलं तर पत्र लिहायचं, पुन्हा पुन्हा लिहायचं. त्यासाठी नेमणूक लागत नाही. तिनं प्रत्येकाच्या अंगाला शाल आहे की नाही ते पाहिलं, प्रत्येकाला नावानं हाक मारून निरोप दिला. अठ्ठावन्नातली एक आत थांबली होती, बाकीचे सत्तावन्न गेले. मग कौन्सिलच्या माणसांनी मॅलाकीची गाढवाची गाडीसुद्धा सामानासाठी मागून नेली, आणि मॅलाकी त्यांच्यामागे आरडत गेला, “अरे, ते गाढव सरकारी नाही, माझं आहे! त्याला तरी यादीत घालू नका!”

दुपारच्या दोनच्या सुमाराला आवारात कुणी उरलं नाही. कोठारातून सबीनाचं बोचकं काढून दिलं होतं, एकोणिसाव्या वर्षी अंगावर होते ते कपडे. निळा झगा. तो आता तिला होणं शक्यच नव्हतं. तिनं दोन संध्याकाळी बसून काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजू उसवल्या होत्या आणि मध्ये करड्या कापडाच्या पट्ट्या घातल्या होत्या. टाके बारीक, सरळ. निळ्यात करडं लांबून दिसत होतं आणि तिनं ते झाकायचा प्रयत्न केला नव्हता. अट्रॅक्टानं आपला तपकिरी कोट पुढे केला.

“नको,” सबीना म्हणाली. “थंडी वाजली तर माझी मला वाजेल.”

जाण्याआधी ती मागच्या मैदानात गेली, जिथं गवताखाली मुलं पुरलेली होती, खुणेशिवाय. अट्रॅक्टा गेली नाही. तिला बोलावलं नव्हतं. ती फाटकाशी आपल्या पेटीवर बसून राहिली. पेटीत एकोणतीस वर्षांचं सामान होतं, भारी होतं, आणि ते नेणारी गाढवाची गाडी तर गेली होती. स्टेशन पाऊण मैल. आगगाडी सव्वातीनला. सबीना परत आली ती गुडघ्यांना ओला चिखल लागलेला. फाटकातून बाहेर पडली आणि बोचकं खाकोटीला मारून रस्त्याला लागली, न वळता, लांब लांब पावलं टाकत. भिंतीकडेनं नाही, रस्त्याच्या मधोमध.

अट्रॅक्टानं पेटीची एक कडी धरून ओढली. पेटी खडीवर खरडत हातभर आली. तिनं पुन्हा ओढली. तळहाताला रग लागली. पाऊण मैल असं हातहातभर ओढत न्यायला किती वेळ लागेल याचा तिनं अंदाज केला, आणि गाडी चुकली तर उद्याची आहे, परवाची आहे, पण पेटी इथं सोडायची नाही असं ठरवून तिसऱ्यांदा ओढली. डोकं खाली होतं म्हणून तिला पावलं आधी दिसली, चिखलानं भरलेली, परत येणारी. सबीनानं बोचकं पेटीवर ठेवलं, पलीकडे गेली आणि खाली वाकली. तिचे ते लाल हात दुसऱ्या कडीत शिरले.

“तू तिकडनं धर,” ती म्हणाली. “आणि मागं ओढू नकोस. उचल.”

अट्रॅक्टानं उचलली. पेटी जमिनीवरून सुटली. सबीना झपझप चालत होती, आणि तिच्या पावलाशी पाऊल जुळवायला अट्रॅक्टाला जरा पळावं लागत होतं.